फॅक्सवरून आलेला राजीनामा : पॅट रायली न्यूयॉर्क सोडून मायामीला गेला तेव्हा

आजची गोष्ट एका कागदापासून सुरू होते. खरं म्हणजे दोन कागदांपासून, पण दुसरा कागद बऱ्याच उशिरा बाहेर आला, म्हणून आधी पहिला.

तारीख १५ जून १९९५. गाव न्यूयॉर्क. त्या शहराची बास्केटबॉल टीम म्हणजे निक्स, आणि निक्सचा कोच पॅट रायली. चापून मागे वळवलेले केस, अंगावर महागडा सूट, चेहऱ्यावर रेष हलत नाही. तेव्हा अमेरिकेत सगळ्यात प्रसिद्ध कोच तोच. त्याच्या करारातलं अजून एक वर्ष शिल्लक होतं. आणि त्या दिवशी त्याचा राजीनामा आला तो फॅक्सवरून.

ज्यांनी फॅक्स मशीन पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे एसटीडी पीसीओच्या पिवळ्या पाटीखाली 'येथे फॅक्स केला जाईल' असं लिहिलेलं असायचं. इकडे कागद घालायचा, आणि फोनच्या तारेवरून त्याची प्रत तिकडच्या मशीनमधून कुरकुरत बाहेर यायची. थोडक्यात, बॉसच्या तोंडाकडे न बघता त्याला कागद देण्याची सोय. आज ब्रेकअप व्हॉट्सअ‍ॅपवर केलं की मित्र जसे नावं ठेवतात, तशीच नावं न्यूयॉर्कने रायलीला ठेवली. गेला ते गेला, आणि वर फॅक्स करून गेला!

न्यूयॉर्कच्या चाहत्यांनी यमक जुळवून त्याला 'पॅट द रॅट' म्हणायला सुरुवात केली. रॅट म्हणजे उंदीर, हे झालं डिक्शनरीतलं. तिथल्या बोलीत रॅट म्हणजे आपल्या माणसांना दगा देणारा. मराठीत त्यासाठी किल्ल्यांच्या इतिहासातून आलेला नेमका शब्द आहे, फितूर. आतून दरवाजा उघडून देणारा. आजचा सगळा भाग याच प्रश्नाभोवती आहे : रायली फितूर होता का?

त्यासाठी आधी त्या चार वर्षांत काय झालं ते बघू.

रायली १९९१ मध्ये निक्सकडे आला. येताना त्याच्या खात्यात चार चॅम्पियनशिप होत्या, १९८२, १९८५, १९८७ आणि १९८८, चारही लॉस एंजेलिस लेकर्सच्या. मॅजिक जॉन्सन आणि करीम अब्दुल-जब्बार यांची ती झगमगती टीम. न्यूयॉर्कमध्ये त्याला मिळालं ते अगदी उलट सामान : दणकट, धसमुसळे खेळाडू आणि मधोमध सात फुटी पॅट्रिक युइंग. रायलीने त्यांना शोभेचा खेळ शिकवायचा प्रयत्नच केला नाही. बचाव, धक्के, घाम. समोरच्याला बास्केटपर्यंत पोचायचं असेल तर अंगावर चार वळ घेऊनच पोचावं लागेल, अशी टीम त्याने घडवली. बघायला काही सुंदर नव्हतं, पण न्यूयॉर्कला ते आपलं वाटलं. चार सीझनमध्ये २२३ विजय, १०५ पराभव.

फक्त शेवटचं दार उघडेना. १९९२ मध्ये मायकल जॉर्डनच्या शिकागो बुल्सने सातव्या मॅचमध्ये बाहेर काढलं. १९९३ मध्ये बुल्सविरुद्ध २-० ची आघाडी होती, पुढच्या चारही मॅच हरले. १९९४ मध्ये जॉर्डन बेसबॉल खेळायला गेला आणि निक्स फायनलला पोचले, पण ह्यूस्टन रॉकेट्सकडून सातव्या मॅचमध्ये पराभव. त्या मॅचमध्ये निक्सच्या जॉन स्टार्क्सने १८ शॉट मारले आणि त्यातले दोनच आत गेले. तरीही रायलीने त्याला बाहेर बसवलं नाही. आजही न्यूयॉर्कमध्ये यावर वाद घालणारे लोक सापडतील.

मग १९९५. इंडियाना पेसर्सविरुद्ध पहिल्याच मॅचमध्ये रेजी मिलरने शेवटच्या काही क्षणांत, ८.९ सेकंदांत, आठ पॉइंट काढले. यूट्यूबवर आहे, नक्की बघा. तरी निक्सनी मालिका सातव्या मॅचपर्यंत खेचली. २१ मे, घरचं मैदान मॅडिसन स्क्वेअर गार्डन. दोन पॉइंटची पिछाडी, चेंडू युइंगच्या हातात, बास्केटच्या अगदी जवळ. त्याने अलगद सोडलेला चेंडू रिंगच्या मागच्या कडेला लागला आणि बाहेर आला. ९७-९५. सीझन संपला.

रायली निक्सचा कोच म्हणून खेळला ती ही शेवटची मॅच. पुढच्या पंचवीस दिवसांत राजीनामा.

आता वावड्यांकडे येऊ. त्या काही जूनमध्ये उठल्या नव्हत्या. करार वाढवायला निक्स तयार असूनही रायली सही करत नाही, ही कुजबुज सीझनभर होती. तुम्ही म्हणाल, पैसे वाढवून हवे असतील. पैसे हवे होतेच, पण गाडी अडली होती दुसऱ्याच गोष्टीवर. कुठला खेळाडू घ्यायचा, कुठला सोडायचा, याचा शेवटचा शब्द रायलीला स्वतःकडे हवा होता. राजीनाम्याच्या निवेदनातही त्याने टीमच्या महत्त्वाच्या बाबतीत अंतिम अधिकार मिळत नसल्याचंच कारण दिलं. निक्स तेव्हा नुकतेच दोन मोठ्या कंपन्यांच्या भागीदारीत गेले होते आणि कारभार बघत होते डेव्ह चेकेट्स. कंपनीच्या मालकीच्या टीममध्ये कोचला मालकीतला तुकडा कोण देणार?

मायामीत मात्र देणारा होता. मायामी हीट ही १९८८ मध्ये सुरू झालेली टीम. १९९४-९५ मध्ये ८२ पैकी ३२ मॅच जिंकलेली, म्हणजे कुणाच्या खिजगणतीत नसलेली. फेब्रुवारी १९९५ मध्ये तिचा ताबा मिकी अ‍ॅरिसनने घेतला. हा कार्निव्हल या क्रूझ कंपनीचा प्रमुख, समुद्रावर तरंगती हॉटेलं चालवणारा माणूस. त्याच महिन्यात टीमचा कोच काढला गेला होता. म्हणजे खुर्ची रिकामी, मालक नवा, खिसा खोल आणि शहराला आपल्या बास्केटबॉल टीमची अजून ओळखही नाही. अशा मालकाला रायली हवा असणार हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. त्यामुळे फॅक्स आल्या आल्या सगळ्यांनी एकच नाव घेतलं, मायामी.

पण 'सगळ्यांना माहीत असणं' आणि 'सिद्ध होणं' यात फरक असतो. तो फरक एनबीएच्या एका नियमावर उभा आहे. नियमाला म्हणतात टॅम्परिंग. दुसऱ्या टीमच्या करारात असलेल्या माणसाला, मग तो खेळाडू असो की कोच, परस्पर फूस लावायची नाही. बोलायचं असेल तर आधी त्याच्या टीमची परवानगी घ्यायची. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत कसं, मुला-मुलीचं आधीच ठरलेलं असलं तरी रीतसर स्थळ घेऊन घरी जावंच लागतं. तसंच काहीसं, फक्त इथे रीत मोडली तर दंड होतो.

निक्सनी लीगकडे तक्रार केली. कमिशनर होते डेव्हिड स्टर्न, चांगलेच खमके. आणि सुनावणीच्या भानगडीत बाहेर आला आपला दुसरा कागद.

ही होती मागण्यांची यादी. रायलीचा जवळचा मित्र डिक ब्युटेरा याने ती अ‍ॅरिसनकडे पोचवली होती. त्या वेळी पेपरात जे छापून आलं त्यानुसार तारीख ५ जून १९९५, म्हणजे फॅक्सच्या दहा दिवस आधी. सगळा खेळ या दहा दिवसांचा आहे. यादी १६ जूनला गेली असती तर ती नोकरी शोधणाऱ्या माणसाची मागणी ठरली असती. ती गेली तेव्हा रायली निक्सचा पगारी कोच होता.

आणि यादीत काय होतं? पाच वर्षांचा दीड कोटी डॉलर पगार. टीमच्या मालकीत लगेच दहा टक्के हिस्सा, पुढे आणखी दहा टक्के. लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमधली त्याची घरं मालकाने विकत घ्यायची. मॅचला नेण्या-आणण्यासाठी लिमोझीन. आणि दिवसाला ३०० डॉलर भत्ता. मला सगळ्यात जास्त गंमत या शेवटच्या ओळीची वाटते. कोटींच्या गोष्टी चालल्या आहेत, आणि त्यात दिवसाचा भत्ता लिहायला माणूस विसरत नाही.

न्यूयॉर्कच्या लोकांना हसावं की रडावं कळेना, कारण हाच रायली १९९३ मध्ये एक पुस्तक लिहून बसला होता, 'द विनर विदिन'. मोटिव्हेशनवाल्यांचं आवडतं पुस्तक. टीम कशाने बुडते, तर 'मी'च्या रोगाने, असं तो त्यात समजावून सांगतो. म्हणजे प्रत्येकाला टीमपेक्षा स्वतःचा वाटा मोठा वाटू लागतो तो रोग. दोन वर्षांनी त्याच माणसाची लिमोझीनची यादी पेपरात! मिम्स तेव्हा नव्हते हे रायलीचं नशीब.

इथपर्यंत ऐकून तुमचं मत झालं असेल : फितूरच. माझंही बरेच दिवस तेच मत होतं. पण रायलीला त्याची पहिली खुर्ची कशी मिळाली हे वाचलं आणि मी जरा थबकलो.

१९७९ मध्ये लेकर्सचा कोच जॅक मॅकिनी सायकलवरून पडून गंभीर जखमी झाला. त्याचा सहायक पॉल वेस्टहेड कोच झाला, आणि वेस्टहेडने सोबत घेतलं रायलीला, जो तोवर मायक्रोफोन घेऊन लेकर्सच्या मॅचची कॉमेंट्री करत होता. १९८० मध्ये वेस्टहेडने चॅम्पियनशिप जिंकून दिली. नोव्हेंबर १९८१ मध्ये मॅजिक जॉन्सनने पत्रकारांसमोर सांगितलं की मला दुसऱ्या टीमला देऊन टाका, आणि दुसऱ्या दिवशी वेस्टहेडची नोकरी गेली. तेव्हा टीमचा हिशोब होता सात विजय, चार पराभव, आणि शेवटच्या पाच मॅच ओळीने जिंकलेल्या. मालक जेरी बस यांनी पत्रकार परिषद घेतली, त्यातही नवीन कोच जेरी वेस्ट की रायली हे कुणाला धड कळलं नाही. शेवटी वेस्टनेच सांगितलं की कोच रायली, मी मदतीला आहे. इतिहासातल्या एका थोर कोचच्या कारकिर्दीची सुरुवात अशी गोंधळातून झाली.

आता विचार करा. ज्या माणसाने हात धरून आत आणलं, चॅम्पियनशिप जिंकून दिली, त्याला अकरा मॅचनंतर दारातून बाहेर काढताना रायलीने डोळ्यांनी पाहिलं. त्या मालकाला कुणी 'रॅट' म्हटलं का? नाही. टीमने कोचला करार चालू असताना काढलं तर त्याला आपण 'निर्णय' म्हणतो. कोचने करार चालू असताना टीम सोडली तर ती 'गद्दारी'. शब्दच वेगळे.

यावर एक खरा आक्षेप आहे, तो लपवत नाही. टीम कोचला काढते तेव्हा करारातले उरलेले पैसे बहुधा मोजते. म्हणजे करार मोडायचा हक्क तिने विकत घेतलेला असतो. रायलीने काय मोजलं? काहीच नाही. फक्त एक फॅक्स. निक्सचं म्हणणं हेच होतं, आणि माझ्या मते ते बरोबर होतं. रायलीने जावं की नाही हा प्रश्नच नव्हता, जाण्याची किंमत कुणी भरायची हा प्रश्न होता.

ती किंमत ठरली १ सप्टेंबर १९९५ ला. स्टर्नचा निकाल यायच्या आधीच दोन्ही टीमनी समझोता केला. मायामीने निक्सना दहा लाख डॉलर आणि १९९६ चा पहिल्या फेरीतला ड्राफ्ट पिक दिला. ड्राफ्ट पिक म्हणजे कॉलेजमधून येणाऱ्या नव्या खेळाडूंमधून एक निवडण्याची पाळी. त्या पाळीवर निक्सनी वॉल्टर मॅकार्टी नावाचा खेळाडू घेतला, जो एकच सीझन तिथे टिकला. पॅट रायलीच्या बदल्यात वॉल्टर मॅकार्टी! दुसऱ्याच दिवशी मायामीत कार्निव्हलच्या क्रूझ जहाजावर रायलीला सगळ्यांसमोर उभं केलं गेलं. कोच आणि टीमचा प्रेसिडेंट, दोन्ही पदं. शेवटचा शब्द त्याचा. तीन महिने चाललेली वावडी खरी निघाली.

डिसेंबर १९९५ मध्ये तो मायामीचा कोच म्हणून मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये परतला तेव्हा पूर्ण हॉलने त्याची हुर्यो उडवली. २०२४ च्या आयपीएलमध्ये हार्दिक पांड्याचं वानखेडेवर झालेलं स्वागत आठवा, म्हणजे आवाजाचा अंदाज येईल. मॅच निक्सनीच जिंकली.

पण खरं नाटक पुढे झालं. निक्सनी रायलीच्या जागी डॉन नेल्सनला आणलं, पण त्याचं जमलं नाही. सीझन संपायच्या आत त्याला काढलं (हो, करार चालू असताना) आणि सहायक जेफ व्हॅन गंडी कोच झाला. जेफ हा रायलीच्या हाताखाली तयार झालेला. आणि मायामीत रायलीचा सहायक कोण? जेफचा सख्खा भाऊ, स्टॅन व्हॅन गंडी. दोन भाऊ, दोन बाका, आणि दोन्हीकडे खेळ एकाच गुरूचा. भाऊबंदकी म्हणजे काय हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

१९९७ ते २००० अशी सलग चार वर्षं या दोन टीम प्लेऑफमध्ये भिडल्या, आणि चारही वेळा मालिका शेवटच्या मॅचपर्यंत गेली. १९९७ मध्ये निक्स ३-१ ने पुढे होते. पाचव्या मॅचमध्ये मायामीच्या पी. जे. ब्राउनने निक्सच्या चार्ली वॉर्डला उचलून आपटलं, बाकावरचे खेळाडू मैदानात धावले, आणि निक्सचे पाच जण निलंबित झाले, वॉर्ड मारामारीसाठी आणि बाकीचे चौघे बाक सोडायचा नाही या नियमामुळे. त्यात युइंगही होता, जो मारामारीत नव्हताच, चार पावलं पुढे आला होता इतकंच. मायामीने मालिका फिरवली. १९९८ मध्ये अलोन्झो मोर्निंग आणि लॅरी जॉन्सन एकमेकांवर ठोसे उगारत असताना बुटका जेफ व्हॅन गंडी मधे शिरला आणि मोर्निंगच्या पायाला घट्ट लोंबकळला. त्याचा तो फोटो अजून फिरतो. त्या वर्षी निक्स जिंकले. १९९९ मध्ये आठव्या क्रमांकावरच्या निक्सनी पहिल्या क्रमांकावरच्या मायामीला हरवलं, ॲलन ह्यूस्टनच्या शॉटवर. चेंडू रिंगला लागून वर उडाला, बोर्डला लागला, आत पडला, घड्याळात ०.८ सेकंद शिल्लक. २००० मध्ये पुन्हा सातवी मॅच, पुन्हा निक्स, एका पॉइंटने.

म्हणजे हिशोब ३-१. आणि चारही शेवटच्या मॅच मायामीत, रायलीच्या डोळ्यांसमोर. त्याने घडवलेली जुनी टीम त्याच्याच पद्धतीने खेळून त्याला घरात येऊन हरवत होती. निक्स १९९९ मध्ये फायनललाही गेले, पण तिथे हरले.

लांब पल्ल्याचा हिशोब मात्र दुसरं सांगतो. मायामीने २००६, २०१२ आणि २०१३ अशा तीन चॅम्पियनशिप जिंकल्या. २००६ मध्ये कोच स्वतः रायली होता. त्याआधीच्या डिसेंबरात कोच स्टॅन व्हॅन गंडीने घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून राजीनामा दिला आणि रायली खुर्चीत बसला. रायलीनेच ढकललं का, याच्या वावड्या तेव्हाही उठल्या, पण या वेळी कुठलीही यादी बाहेर आली नाही. पुढच्या दोन चॅम्पियनशिप लेब्रॉन जेम्सच्या काळातल्या. २०१० मध्ये क्लीव्हलँड सोडून आलेला लेब्रॉन. तिथल्या लोकांनी त्याची जर्सी जाळली होती.

आणि जून २०१४. लेब्रॉन मायामी सोडणार अशी कुजबुज सुरू झालेली. रायली पत्रकारांसमोर बसला आणि म्हणाला ते साधारण असं : हिंमत असेल तर एकत्र राहा, दिसेल त्या पहिल्या दाराने पळू नका. फॅक्सवाला पॅट रायली! न्यूयॉर्कमध्ये त्या दिवशी किती जणांच्या हातून चहा सांडला असेल. लेब्रॉन गेलाच, क्लीव्हलँडला परत.

१९९५ च्या त्या समझोत्यानंतर कोचच्या वावड्यांकडे बघायची नजर बदलली, असं मला वाटतं. आता 'जाणार का' याच्या बरोबरीने 'बदल्यात काय' हे विचारलं जातं. २०१३ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचा कोच डॉक रिव्हर्स लॉस एंजेलिस क्लिपर्सला जाणार, ही चर्चा अनेक दिवस उघड्यावर चालली. त्याच्या कराराची तीन वर्षं बाकी होती. दोन्ही टीम टेबलावर बसून घासाघीस करत होत्या, खेळाडूही त्याच व्यवहारात गुंफायला बघत होत्या, पण लीगने ते अडवलं. कोचची अदलाबदल खेळाडूशी होत नाही. शेवटी क्लिपर्सनी पहिल्या फेरीतला एक पिक दिला आणि रिव्हर्स गेला. कुणी त्याला उंदीर म्हटलं नाही. हा डॉक रिव्हर्स पूर्वी निक्सचा खेळाडू होता, रायलीच्याच हाताखालचा.

आणि निक्स? २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी कोच टॉम थिबोडोला काढलं, टीमला पंचवीस वर्षांनी कॉन्फरन्स फायनलपर्यंत नेल्यानंतर लगेच. मग त्यांनी एकामागून एक फोन लावले : डॅलसला जेसन किडसाठी, ह्यूस्टनला इमे उडोकासाठी, मिनेसोटाला ख्रिस फिंचसाठी. तिघेही दुसऱ्या टीमच्या करारात असलेले कोच. रीतसर परवानगी मागितली, आणि तिन्हीकडून उत्तर आलं, नाही.